लोंबत्या चाकांचं विमान

समजा, तुमच्यासमोर स्क्रीनवर एक रिकामी धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, महिना ठरलेला, वारा कुठून वाहतोय तेही ठरलेलं. आता तिथं विमानं उभी करायची आहेत. बाजूला विमानांची लांबलचक यादी उघडी आहे आणि माउस तुमच्या हातात आहे. तुमचं बोट कुठं जाईल? खरं सांगायचं, हं. स्पिटफायरवर, त्या देखण्या ब्रिटिश लढाऊ विमानावर जाईल. सगळ्यांचं तिथंच जातं, माझंही गेलं होतं. आणि क्लिक करायच्या आत पाठीमागून एक शांत आवाज आला होता, "कशावरून?"

हा आवाज ज्यांचा, त्यांना आमच्या गटात सगळे 'पुरावे' म्हणायचे. आडनाव असावं तसं. नव्या माणसाला ते खरंच आडनाव वाटायचं आणि कोणी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचं नाही. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बारीक अंगाचा, पन्नाशी उलटलेला माणूस. स्वतःच्या चष्म्याची दांडी मात्र कायम तारेनं बांधलेली.

आमचा गट म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. पाच संगणक, टेबलांना शिकंज्यांनी आवळलेल्या जॉयस्टिक, आणि भिंतीवर कोणीतरी कधीतरी लावलेला, कोपरे वळलेला जगाचा नकाशा. शनिवारी दुपारी आम्ही जमायचो. खालच्या दुकानातून पंक्चर काढायच्या सोल्यूशनचा वास जिन्यानं वर यायचा. आता ती खोली नाही, तिथं कुरिअरवाल्यांचं ऑफिस आहे. पण तो वास कुठंही आला की मला अजून वाटतं, कोणीतरी इंजिन सुरू करतंय.

युद्धातला एखादा खरा दिवस आणि खरा तळ घेऊन आम्ही तो सिम्युलेटरवर उभा करायचो. त्याला आमच्याकडे 'प्रसंग' म्हणत. मी नुकतीच नोकरीला लागले होते, सॉफ्टवेअरची माणूस, त्यामुळे प्रसंगाची तांत्रिक बाजू माझ्याकडे आली. विमानं निवडायचं काम मात्र पुराव्यांचं. त्यांचा नियम साधा होता. विमान त्या महिन्यात त्या तळावर होतं याचा एक फोटो हवा आणि एक लेखी उल्लेख हवा. दोन्ही असतील तर विमान आत, नाहीतर बाहेर. एकदा एका हरिकेन विमानावरची रंगाची पट्टी वर्षभर नंतरची निघाली, तर या गृहस्थांनी ती बदलून होईपर्यंत अख्ख्या गटाला जमिनीवर बसवून ठेवलं होतं.

यावरून त्यांचं सगळ्यात जास्त वाजायचं ते दंतवैद्याशी. दंतवैद्य आमच्यातला सर्वांत चांगला वैमानिक, आणि स्पिटफायरशिवाय दुसऱ्या कशात बसणं त्याला अपमान वाटायचा.

"पुरावे, लग्नाला जाताना माणूस चांगले कपडे घालतो की नाही? मग द्या की एखादं स्पिटफायर."

"त्या महिन्यात या तळावर नव्हतं."

"एखादं वाट चुकून आलं असेल!"

"आलं असेल तर फोटो आणा."

"तुमच्या लग्नाचा तरी फोटो आहे का? की तेही विनापुरावा चाललंय इतकी वर्षं?"

सगळे हसायचे, पुरावेही हसायचे. पण विमान काही मिळायचं नाही.

मग एका शनिवारी त्यांनी स्वतःहून एक प्रसंग सुचवला. शहराबाहेर जिथं आता गोदामं आहेत, तिथं युद्धाच्या वेळी प्रशिक्षणाचा तळ होता. गोदामांमागच्या गवतात काँक्रीटची एक फुटकी पट्टी अजून दिसते. आमच्यातले निम्मे जण तिथंच गाडी चालवायला शिकलेले. "हा तळ करू," ते म्हणाले.

"तिथं लढाई कुठं झाली?" दंतवैद्यानं विचारलं.

"नाही झाली. पोरं शिकत होती."

"म्हणजे आम्ही शनिवारची दुपार शिकाऊ विमानात घालवायची?"

पुराव्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. "माझ्या आत्यासाठी हवाय," ते म्हणाले. "तिची नजर चाललीय. ती पूर्ण जायच्या आधी तिला एक विमान दाखवायचंय."

यावर दंतवैद्यानं मान डोलावली. असं फार क्वचित व्हायचं.

पुढच्या आठवड्यात ते मला आत्यांकडे घेऊन गेले. आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. चष्म्याच्या दुकानाच्या वर घर, घराच्या मागच्या खोलीत त्या राहायच्या. त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला होता. समोर पाहिलं की मध्ये राखाडी डाग आणि कडेनं थोडं थोडं दिसायचं. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या मान खिडकीकडे वळवून बसल्या. आधी मला वाटलं, माझं येणं त्यांना आवडलं नाही.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "तुला बघायचं तर मला तिकडंच बघावं लागतं. उंच आहेस ना? आणि केस कापलेस."

"चष्म्यानं काही होणार नाही," पुरावे मला हळूच म्हणाले. "आयुष्यभर लोकांना चष्मे दिले. घरच्या माणसाला देण्यासारखा एकही नाही."

"कुजबुजू नकोस, बाळ. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाला, दादाला, युद्धात वायरलेसचं काम शिकायला याच तळावर धाडलं होतं. घर तळापासून फार लांब नव्हतं, पण सुट्टी मिळायची नाही. दादानं निरोप पाठवला होता, वरून गेलो तर रुमाल हलवीन. आत्या तेव्हा शाळेत जायच्या वयाच्या. रोज दुपारी छपरावर चढून बसायच्या. आणि एके दिवशी एक विमान खूप खालून आलं, खिडकीत हात होता, हातात पांढरा रुमाल. पुढं दादाला लढाईवर पाठवलं आणि तिथून तो बेपत्ता झाल्याची तार आली. घरात रडारड चालली असताना या मुलीनं रुमालाची गोष्ट सांगितली. आई आणखीच कोसळली. मोठी माणसं म्हणाली, लहान आहे, मनाचं काहीतरी सांगते. पुन्हा बोलायचं नाही.

"नाही बोलले," आत्या म्हणाल्या. "पण मला आता कधी कधी वाटतं, खरंच मनाचं असेल. बाळ, तू एवढं त्या विमानांचं करतोस. तसं विमान होतं का रे तिथं? एवढंच सांग."

"कसं होतं ते सांग," पुरावे म्हणाले.

"दोन पंखे. इकडं एक, तिकडं एक. पंख एकच, सरळ फळीसारखा. अंगाला खिडक्याच खिडक्या, बसला असतात तशा. आणि पाय खाली लोंबत होते."

"पाय म्हणजे चाकं?"

"चाकं. उतरताना असतात तशी. पण ते उतरत नव्हतं, नुसतं चाललं होतं."

पुरावे कामाला लागले. तळाचे फोटो, तिथं शिकलेल्यांच्या आठवणी, कुठं कुठं पत्रव्यवहार. महिना दीड महिना त्यांनी दुकानात काचा घासता घासता हेच केलं. आणि जे हाती लागलं ते विचित्र होतं. चाकं कायम खाली असणारी विमानं तिथं होती, पण टायगर मॉथला इंजिन एकच आणि बसायच्या जागा उघड्या, खिडक्यांचा प्रश्नच नाही. डॉमिनीला दोन इंजिनं, खिडक्या, खाली चाकं, सगळं होतं, पण तिला पंख एकावर एक दोन. दोन इंजिनं, एक पंख आणि खिडक्यांची रांग असं एकच विमान तिथं होतं, ॲन्सन. शिवाय वायरलेस शिकवायला तेच वापरायचे. पण ॲन्सनची चाकं आत जातात. सिम्युलेटरमध्येही जात होती. जमीन सुटली की लगेच, खट्.

मी म्हटलं, "काका, चाकांचं त्यांना चुकीचं आठवत असेल. बाकी सगळं जुळतंय ना?"

"चाकांचं चुकलं, तर रुमालाचं बरोबर कशावरून?" ते म्हणाले. "सोयीचं तेवढं घ्यायचं आणि बाकीचं सोडायचं, हा पुरावा नव्हे."

आणि घरी जाऊन त्यांनी आत्यांना तसंच सांगून टाकलं. "आत्या, तू सांगतेस तसं विमान तिथं नव्हतं."

मी तिथं होते. आत्यांनी मान खिडकीकडून काढून सरळ आमच्याकडे केली. म्हणजे आम्ही त्यांना दिसेनासे झालो. "बरं," त्या म्हणाल्या. "घरचे म्हणायचे तेच खरं म्हणायचं." आणि त्यांनी पुराव्यांच्या बायकोला हाक मारून उशी मागितली.

त्यानंतर त्या विमानाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पुरावे शनिवारी येत राहिले, पण कोणी काही निवडलं तरी "कशावरून" म्हणेनासे झाले. एकदा तर दंतवैद्यानं जपानी तळावर स्पिटफायर उभं केलं, नुसतं त्यांना डिवचायला. ते नुसते बघत राहिले. दंतवैद्यानंच मग निमूटपणे ते काढून टाकलं.

कोडं सुटलं ते काकूंमुळे. काकू म्हणजे पुराव्यांची बायको. दुकानाचा गल्ला आणि नवऱ्याचा विसरभोळेपणा, दोन्ही त्याच सांभाळायच्या. दुकानासमोर उन्हासाठी कापडी छत होतं, लोखंडी दांडा फिरवून गुंडाळायचं. मी माझा चष्मा दुरुस्तीला घेऊन गेले होते. ऊन गेलं, आभाळ भरून आलं, तरी छत तसंच पसरलेलं.

"अगं, छत गुंडाळायचं राहिलं," पुरावे आतून म्हणाले.

"राहिलं नाही. ठेवलंय."

"ऊन कुठंय आता?"

"घटकाभरात परत येईल. मग परत गरगर गरगर कोण फिरवणार? तुम्ही? मागच्या वेळी फिरवलंत तेव्हा दोन दिवस खांदा चोळत होतात."

"अगं, पण छत असतं कशाला, उघडायला आणि मिटायलाच ना?"

"ज्यानं बनवलं त्यानं तसं बनवलं असेल. त्याला रोज फिरवावं लागत नाही."

पुराव्यांच्या हातात माझी फ्रेम होती. ती त्यांनी काउंटरवर ठेवली, उलटी, काचा खाली करून. चष्मेवाला असं कधी करत नाही. मग ते माझ्याकडे वळले. "ॲन्सनची चाकं कशी आत जातात?"

"आपोआप," मी म्हटलं. "म्हणजे... कळ दाबली की..."

"सिम्युलेटरमध्ये. खऱ्या विमानात?"

मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, पाठ होतं. सुरुवातीच्या ॲन्सनमध्ये मोटर नव्हती. वैमानिकाच्या आसनाशेजारी एक दांडा असायचा, तो हातानं फिरवायचा. शंभराहून जास्त फेऱ्या. तेव्हा कुठं चाकं वर जायची, आणि उतरताना तितक्याच फेऱ्या उलट्या. आम्ही दोघं महिनाभर आराखडे बघत होतो. चाकं आत जाऊ शकतात, एवढं वाचून आम्ही पुढं गेलो होतो. दांडा फिरवणाऱ्या माणसाचा विचारच आमच्या डोक्यात आला नाही.

काकू म्हणाल्या, "काय झालं दोघांना?"

"जवळपास चक्कर मारायची असेल," पुरावे म्हणाले, "तर कोण मरायला दांडा फिरवतंय!"

"तेच म्हणतेय मी मघापासून."

अर्थात ते पुरावे होते, एवढ्यावर थांबले नाहीत. नवी शोधाशोध झाली, आणि आता काय शोधायचं हे माहीत असल्यामुळे लवकर सापडलं. त्या तळावरच्या जुन्या वैमानिकांच्या आठवणींत ते सरळ लिहिलेलं होतं. छोट्या फेरीला चाकं खालीच ठेवायचे, कारण फिरवायचा कंटाळा. फिरवायचं कामही बहुतेक वेळा शिकाऊ पोराच्या गळ्यात. मग चाकं लोंबणाऱ्या ॲन्सनचा हवेतला फोटोही मिळाला, त्याच दिवसांतला, त्याच तळावरचा. फोटो एक, लेखी उल्लेख एक. नियमात बसलं.

आत्यांना ते सांगायला गेलो तेव्हा पुरावे दारातच अडखळले. शेवटी काकूंनी त्यांना कोपरानं ढकललं.

"आत्या, चुकलो. तसं विमान होतं."

पुराव्यांनी घाईघाईनं सगळं सांगितलं, दांडा, फेऱ्या, शिकाऊ पोरांचा कंटाळा. आत्यांची मान हळूहळू खिडकीकडे वळली.

"शिकाऊ पोरं फिरवायची?"

"बहुतेक वेळा."

"मग त्यात दादा होताच!" आत्या एकदम हसायला लागल्या. "अरे, त्यानं घरात कधी पंपाचा दांडा मारून बादलीभर पाणी काढलं नाही! आई ओरडून ओरडून थकायची. तो काय चाकं उचलतोय!" हसता हसता त्यांना ठसका लागला, काकूंनी पाणी दिलं. "आळशी माझा दादा," त्या म्हणाल्या, आणि पेला तोंडाला लावला.

हा काही पुरावा नाही, हे मला माहीत आहे. पुराव्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी "कशावरून?" विचारलं नाही.

प्रसंग मी तयार केला. संगणक स्वतः उडवायचा त्या विमानाची चाकं खाली राहीनात, म्हणून ते कोणीतरी माणसानंच उडवायला हवं होतं. बघणाऱ्याची जागा मी एका छपरावर ठेवली, जुन्या नकाशावर आत्यांचं घर जिथं होतं तिथं. एका दुपारी आम्ही आत्यांना त्या अरुंद जिन्यानं वर आणलं. पुढं पुरावे, मागं काकू, आणि सायकलवाला खुर्ची घेऊन त्यांच्याही मागं, कुठं दम लागला तर बसायला. सगळ्यात मोठ्या स्क्रीनसमोर त्यांना बसवलं आणि त्यांनी मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. नकाशाकडे बघत बसल्यासारख्या.

दंतवैद्य ॲन्सनमध्ये बसला. "पाय लोंबकळत ठेवून उडायचं," तो पुटपुटला. "पेशंटनी बघितलं तर काय म्हणतील." पण त्यानं नवा शर्ट घातला होता, ते सगळ्यांनी पाहिलं.

इंजिनांचा आवाज आला. आत्यांनी खोलीतला पंखा बंद करायला सांगितला. विमान लांबून आलं, छपरावरून गेलं, दिसेनासं झालं.

"हे लांबून गेलं," आत्या म्हणाल्या. "खालून येत होतं ते."

दंतवैद्य फिरून आला.

"अजून खाली."

पुन्हा फिरून आला.

"डॉक्टर, घाबरता काय? अजून खाली. मला रुमाल दिसला होता. रुमालाची घडी दिसली होती."

"आत्या, आता याच्याखाली आलो तर तुमच्या छपराची कौलं काढीन मी."

"काढा. छप्पर गळतच होतं."

तो चौथ्यांदा की पाचव्यांदा आला तेव्हा स्क्रीन भरून गेली. खिडक्यांची रांग, दोन पंखे, लोंबणारी चाकं. आत्यांचं तोंड भिंतीकडे होतं आणि डोळ्यांच्या कडेनं त्या ते पाहत होत्या. "हं," त्या म्हणाल्या. "इतकं." आणि काकूंचा हात धरला.

दंतवैद्यानं विमान तिथंच थांबवलं, चित्र गोठवलं. मग उंची दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं, आणि पुराव्यांना जवळ बोलावलं. मीही वाकून पाहिलं. वस्तीवरून इतक्या खालून उडायला कुठल्याही तळावर बंदी असायची. पकडला गेला तर वैमानिकाचं उडणं बंद होऊ शकत होतं, आणि शिकाऊ पोराच्या हातात तर विमानाचं नियंत्रण नसायचंच.

"ही चूक म्हणून होत नाही," दंतवैद्य म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "चुकून इतकं खाली आलेलं विमान परत वर जात नाही. हे मुद्दाम आणलेलं असतं."

आत्या त्यानंतर दोन हिवाळे होत्या. नजर पूर्ण गेली, पण त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला दादाच्या आळशीपणाची गोष्ट सांगायच्या, रुमालासकट, आणि कोणी त्यांना गप्प करायचं नाही. मग त्या गेल्या. गटही पांगला. दंतवैद्य मुलीकडे राहायला गेला, खोलीचं भाडं कोणी भरेना, आणि मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली.

मागच्या महिन्यात मी तिकडं गेले होते तेव्हा दुकानात डोकावले. पुरावे आता काचा मशीनवर घासतात, पण दांडीची तार तीच. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी चाचणीची जड फ्रेम अडकवली, काचा बदलत गेले, "ही बरी की ही?" असं विचारत राहिले. तळावर त्या काळात कोण कोण वैमानिक होते, त्यांची नावं ते अजून शोधताहेत, असं काकूंनी मला आधीच सांगितलं होतं. काहींच्या नातवंडांना लिहितात. कोणी उत्तर देतं, बरेच जण देत नाहीत.

"आता काय राहिलंय शोधायचं, काका?" मी विचारलं. "विमान तर सापडलं."

त्यांनी काच बदलली नाही. माझ्या नाकावर ती फ्रेम तशीच ठेवून ते म्हणाले,

"विमान सापडलं गं. पण एका शिकाऊ पोराची धाकटी बहीण छपरावर बसून असते म्हणून स्वतःचं उडणं पणाला लावून ज्यानं ते विमान इतकं खाली आणलं, तो माणूस कोण होता?"